घरावरील सौरवीज आणि गावाची एकत्रित खरेदी

खताचे एक पोते एकट्याने विकत घेणे आणि दहा शेतकऱ्यांनी मिळून गाडीभर खत मागविणे, यांतील फरक शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. बियाणे, खते, ठिबकच्या नळ्या, द्राक्षबागेचे तारखांब अशा अनेक वस्तू आज शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या एकत्रितपणे खरेदी करीत आहेत. लोणी येथे विठ्ठलराव विखे-पाटील व डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून 'एकट्याला न पेलणारे काम दहांनी मिळून करावे' हा विचार महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चांगलाच रुजलेला आहे. हाच विचार घराच्या छपरावर बसवावयाच्या सौरवीज संचाच्या बाबतीत कसा उपयोगी पडेल, तो अमलात आणताना कोणती दक्षता घ्यावी आणि कोणत्या चुका टाळाव्यात, याची माहिती शेतकरी बंधुभगिनींना आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

आरंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. येथे विचार करावयाचा आहे तो घरगुती वीजजोडणीचा. शेतातील विहिरीवरील पंपासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना स्वतंत्र आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. या दोन्ही योजनांचे अर्ज, नियम व अनुदान वेगवेगळे आहेत. अनेक ठिकाणी त्यांची गल्लत होते व अर्ज परत येतात.

शासकीय साहाय्य कोणते?

'प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातील एक कोटी घरांवर सौरसंच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट असून २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत तिची मुदत ठरविलेली आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे एका घरास जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. संच त्याहून मोठा बसविला तरी अनुदान वाढत नाही. हे अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यानंतर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. संचातील सौरपट्ट्या भारतात बनविलेल्या असल्या पाहिजेत आणि पुरवठादार योजनेत नोंदलेला असला पाहिजे, अशी अट आहे.

योजनेच्या नावातील 'मोफत' या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. संच मोफत मिळत नाही. दरमहा सुमारे ३०० युनिटपर्यंत वीज स्वतःच्या छपरावर तयार व्हावी आणि तेवढ्या युनिटांचे बिल वाचावे, हा त्या शब्दाचा आशय आहे. 'एक पैसा न देता सौर बसवून देतो' असे सांगत कोणी गावात आला, तर त्याच्यापासून सावध राहिलेलेच बरे.

छपरावर किती वीज पिकते?

आपल्या राज्यात एक किलोवॅट क्षमतेचा संच वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे चार युनिट वीज देतो. उन्हाळ्यात ती अधिक असते, श्रावण-भाद्रपदात कमी होते. म्हणजे महिन्याला सरासरी १२० युनिट धरावयास हरकत नाही. एका किलोवॅटसाठी सावली न पडणारी सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. सौरपट्ट्यांचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार साधारण १५ ते २० अंशांचा ठेवावा.

दिवसा तयार झालेली वीज प्रथम घरात वापरली जाते आणि उरलेली महावितरणच्या तारांवर जाते. रात्री आपण तारांवरून वीज घेतो. दोन्हींची वजावट 'नेट मीटर' करतो. एका महिन्यात शिल्लक राहिलेले युनिट पुढील महिन्यात धरले जातात आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस त्यांचा हिशेब पूर्ण केला जातो. स्थिर आकार मात्र दरमहा भरावाच लागतो.

आणखी एक गोष्ट संच घेण्यापूर्वीच समजून घ्यावी. तारांवर वीज काम करणाऱ्या कामगाराच्या जिवाला धोका पोहोचू नये म्हणून गावातील वीज गेली की बिनबॅटरीचा संचही आपोआप बंद होतो. भर दुपारी ऊन असूनही घरात पंखा फिरत नाही, हे पाहून लोक पुरवठादाराला दोष देतात, परंतु तो बिघाड नव्हे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी लागते. तिचा खर्च निराळा येतो आणि तिच्यासाठी जादा अनुदान मिळत नाही.

एकत्रित खरेदीने किंमत का उतरते?

घरगुती सौरसंचाच्या सामुदायिक खरेदीचे प्रयोग प्रथम अमेरिकेत गाजले. राजधानी वॉशिंग्टनमधील माउंट प्लेझंट या वस्तीत २००७ च्या सुमारास शेजाऱ्यांनी एकत्र येऊन सौर सहकारी गट स्थापन केला. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात २००९ मध्ये एका भागातील रहिवाशांनी मिळून एकच ठेकेदार निवडला. सहा महिन्यांत ३०० हून अधिक कुटुंबांनी नावे नोंदविली आणि १३० घरांवर संच बसले. ब्रिटनमध्ये स्थानिक परिषदा इच्छुक घरमालकांची यादी करतात आणि पात्र ठेकेदारांकडून उतरत्या लिलावाने भाव घेतात. पद्धती भिन्न असल्या तरी सूत्र एकच आहे. आधी ग्राहक एकत्र आणावयाचे आणि मग भाव मागावयाचा.

भाव उतरण्याचे कारण सौरपट्टीच्या किमतीत फारसे नाही. पट्टी दहा घेतल्या काय किंवा शंभर घेतल्या काय, तिच्या मूळ किमतीत थोडाच फरक पडतो. खरी बचत इतर खर्चांत होते. एकेक ग्राहक शोधण्यासाठी पुरवठादाराला गावोगाव फिरावे लागते, एकाच घरी तीनचार खेपा घालाव्या लागतात. सामानाची अर्धी रिकामी गाडी आणावी लागते. दोन दिवसांच्या कामासाठी कारागिरांची टोळी तालुक्याहून येते आणि परत जाते. तीस घरांचे काम एकाच गावात मिळाले, तर गाडी भरून येते, टोळी मुक्कामाला राहते, लोखंडी सांगाडे एकाच वेळी तयार होतात आणि वीज कार्यालयातील तपासणीही एका फेरीत होते. हा वाचलेला खर्च गटाने भावात मागून घ्यावयाचा असतो.

याचा लाभ ग्राहकाला किती होतो, ते उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोन किलोवॅटच्या संचासाठी एकट्या ग्राहकाला १,३०,००० रुपये भाव सांगितला. अनुदान ६०,००० वजा जाता त्याचा स्वतःचा खर्च ७०,००० रुपये होतो. गटाने तोच भाव दहा टक्क्यांनी उतरविला, तर किंमत १,१७,००० होते आणि स्वतःचा खर्च ५७,००० वर येतो. अनुदानाची रक्कम ठरलेली असल्यामुळे भावात वाचलेला प्रत्येक रुपया ग्राहकाच्याच खिशात राहतो. भाव दहा टक्के उतरला, पण ग्राहकाच्या पदरचा खर्च सुमारे साडेअठरा टक्क्यांनी कमी झाला.

आता हे कुटुंब दरमहा २०० युनिट वीज वापरते आणि प्रत्येक युनिटमागे सरासरी ८ रुपये वाचतात असे धरले, तर वर्षाला १९,२०० रुपये वाचतील. ५७,००० रुपये सुमारे तीन वर्षांत भरून निघतील. ७०,००० रुपयांना साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. हे आकडे केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या बिलावरून आपला हिशेब मांडावा. ज्याचा वापर महिन्याला १०० युनिटांच्या आत आहे, त्याचा दर मुळातच कमी असल्याने त्याची रक्कम भरून निघण्यास अधिक काळ लागतो. अशा कुटुंबांनी राज्य शासनाचे पूरक अनुदान आपणास लागू पडते काय, याची चौकशी महावितरणच्या कार्यालयात अवश्य करावी व मगच निर्णय घ्यावा. गटाची संख्या वाढावी म्हणून कोणालाही भिडेने सामील करून घेऊ नये.

गटाची पूर्वतयारी

सर्वप्रथम ग्रामसभेत किंवा वाडीच्या बैठकीत विषय मांडावा. पाच जणांची एक समिती निवडावी आणि तीत निदान दोन महिला असाव्यात. हे केवळ उपचार म्हणून सांगत नाही. छपरावर पापड-कुरडया, मिरची आणि धान्याचे वाळवण घातले जाते, ही गोष्ट पुरुषांच्या बैठकीत हटकून विसरली जाते. सांगाडा ठेंगणा बसला म्हणजे ती जागा कायमची जाते. उंच सांगाड्याला खर्च थोडा अधिक येतो, पण त्याखाली वाळवण घालता येते व उठबसही होते. हा निर्णय घरातील स्त्रियांना विचारूनच व्हावा.

त्यानंतर प्रत्येक इच्छुक घराची पुढील माहिती एका वहीत नोंदवावी.

१. मागील बारा महिन्यांची वीजबिले. सौरसंचाचे आकारमान शेजाऱ्याकडे पाहून न ठरविता यांवरूनच ठरवावे.

२. वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे? खेड्यांत अनेक जोडण्या अद्याप दिवंगत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर चालू असतात. अर्ज, बँक खाते आणि जोडणी यांतील नाव जुळले नाही तर अनुदान अडकते. नाव बदलण्याचे काम गटाने सर्वांत आधी हाती घ्यावे. त्याला वेळ लागतो.

३. थकबाकी आहे काय? असल्यास ती भरून घ्यावी.

४. छप्पर कोणाच्या मालकीचे आहे? सामाईक घर असेल तर सर्व भावांची लेखी संमती घ्यावी. पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू आपण बसवीत आहोत, आणि वाटणी त्याआधी होऊ शकते.

५. छप्पर कोणत्या प्रकारचे आहे? सिमेंटच्या स्लॅबवर काम सोपे होते. पत्र्याच्या छपराखालील कैच्या मजबूत असतील तरच त्यावर संच बसवावा. कौलारू व धाब्याच्या घरांवर वजन टाकण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा. अशा घरांसाठी अंगणात किंवा गोठ्याशेजारी खांबांवर सांगाडा उभारण्याचा भाव पुरवठादाराकडून स्वतंत्रपणे मागवावा, नाहीतर गावातील गरीब घरेच नेमकी योजनेबाहेर राहतात.

भाव कसे मागवावेत?

नावनोंदणीला निश्चित शेवटची तारीख असावी. ती नसली म्हणजे 'बघू, पुढच्या महिन्यात' असे म्हणणाऱ्यांसाठी सर्वांचेच काम रेंगाळते. यादी पूर्ण झाल्यावर योजनेत नोंदलेल्या निदान तीन पुरवठादारांकडून बंद पाकिटात भाव मागवावेत. सर्वांना एकच मागणीपत्रक द्यावे, म्हणजे तुलना करणे सोपे जाते. दहा घरे, पंचवीस घरे आणि पन्नास घरे अशा तीन टप्प्यांचे भाव मागावेत आणि अखेरीस जितकी घरे होतील त्या टप्प्याचा भाव सर्वांना सारखाच लागू राहील, असे लिहून घ्यावे. पहिल्या घराला महाग आणि शेवटच्या घराला स्वस्त असे होऊ लागले, तर पुढाकार घेण्यास कोणीच तयार होणार नाही.

मागणीपत्रकात पुढील बाबी असाव्यात : सौरपट्टीचा प्रकार व क्षमता, इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची, जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा, तारांची जाडी, संचासाठी व वीजरोधकासाठी स्वतंत्र भूसंपर्क, करासह एकूण किंमत आणि काम पुरे करण्याची मुदत. सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेला आहे, म्हणून जुन्या दरपत्रकावर विसंबू नये. योजनेनुसार पाच वर्षे देखभालीची जबाबदारी पुरवठादाराची असते. तिचा उल्लेख करारात स्पष्ट शब्दांत असावा.

पाकिटे सर्वांसमक्ष उघडावीत व तुलनात्मक तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. सर्वांत कमी भाव तोच सर्वांत चांगला, असे मानू नये. त्या पुरवठादाराने यापूर्वी जेथे संच बसविले असतील, अशा दोन गावांना समितीने भेट द्यावी आणि पावसाळ्यात गळती झाली काय, तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांत आला, एवढे दोनच प्रश्न तेथील घरमालकांना विचारावेत.

पैसा कोणाच्या हाती द्यावा?

एकत्रित खरेदीचा सर्वांत नाजूक भाग हाच आहे. एकटा ग्राहक फसला तर एका घराचे नुकसान होते, गट फसला तर साऱ्या गावाचे होते. शिवाय त्यानंतर कित्येक वर्षे त्या गावात कोणतेही सामुदायिक काम उभे राहत नाही. गावाचा एकमेकांवरील विश्वास ही अशी ठेव आहे की ती एकदा बुडाली म्हणजे कोणत्याही अनुदानाने परत मिळत नाही.

म्हणून एक नियम कटाक्षाने पाळावा. गटाने एकत्र येऊन भाव ठरवावा, परंतु पैसे एकत्र करू नयेत. समितीच्या किंवा तिच्या कोणाही सभासदाच्या खात्यात कोणाचीही रक्कम जमा होऊ नये. प्रत्येक कुटुंबाने योजनेच्या संकेतस्थळावर स्वतःचा अर्ज करावा, करारावर स्वतः सही करावी आणि रक्कम आपल्या खात्यातून थेट पुरवठादाराच्या खात्यात टप्प्याटप्प्याने द्यावी. सामान घरी पोहोचल्यावर एक भाग, संच उभारल्यावर दुसरा आणि नेट मीटर बसून वीज सुरू झाल्यावर शेवटचा भाग, अशी विभागणी असावी. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी बँकांकडून विनातारण कर्जाची सोय या योजनेत आहे. ज्यांना रोख रक्कम देणे अवघड आहे, त्यांचे अर्ज समितीने एकाच शाखेकडे एकत्रितपणे नेले तर काम लवकर होते. अर्जासाठी आलेला संकेतांक, पासबुक अथवा कोरा सही केलेला कागद कोणाच्याही स्वाधीन करू नये.

वीज कार्यालयास आधी कळवावे

२०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत सुधारणा झाली असून दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचासाठी स्वतंत्र तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची गरज राहिलेली नाही. तरीही एका रोहित्रावरील वीसपंचवीस घरे एकाच वेळी सौरवीज तयार करू लागली, तर दुपारी त्या तारांवरील दाब वाढतो आणि शेवटच्या टोकाच्या घरांतील इन्व्हर्टर वारंवार बंद पडतात. म्हणून गटाने आपली यादी रोहित्रनिहाय करून महावितरणच्या स्थानिक कार्यालयास आधीच द्यावी. हे काम एकट्या ग्राहकाला जमत नाही, गटाला सहज जमते.

उभारणी व निगा

पहिली दोन घरे नमुना म्हणून पूर्ण करून घ्यावीत. ती तपासल्यावर आढळलेले दोष पुढील घरांत टाळता येतात. सांगाड्याचे पाय स्लॅबमध्ये पक्के बसले आहेत काय आणि भोकांतून पाणी मुरणार नाही ना, हे पाहावे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने छपरांवरील पत्रे कसे उडविले, हे कोकणवासीयांच्या स्मरणात आहे. किनारपट्टीवर गंज आणि वारा या दोहोंचा विचार करून सांगाडा निवडावा.

निगा सोपी असली तरी नियमित हवी. मळणीची धूळ, उसाचे पाचट जाळल्याची राख आणि पक्ष्यांची विष्ठा पट्ट्यांवर साचली म्हणजे वीज घटते. दहापंधरा दिवसांनी सकाळी लवकर, पट्ट्या थंड असताना, मऊ कापडाने व साध्या पाण्याने त्या पुसाव्यात. क्षारयुक्त विंधनविहिरीच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, ते टाळावे. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीही टाकू नये. गावातील आयटीआय झालेल्या एखाद्या तरुणास पुरवठादाराकडून उभारणीच्या वेळीच प्रशिक्षण देववावे आणि दरमहा प्रत्येक घराचे युनिट एका नोंदवहीत लिहून ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. शेजारच्या घराशी तुलना होताच बिघडलेला संच लगेच ओळखू येतो. एकट्या घराला हे वर्षभर कळत नाही.

ग्रामपंचायतीचा वाटा

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. शंभराच्या आसपास उंबरठ्यांच्या त्या गावाने सर्व घरे मिळून हे काम केले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या हद्दीत बसणाऱ्या प्रत्येक घरगुती संचामागे ग्रामपंचायतीला १,००० रुपये प्रोत्साहनपर मिळण्याची तरतूद सूर्यघर योजनेत आहे. पाच हजारांवर लोकसंख्येच्या गावांतून प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श सौरग्राम निवडून त्यास एक कोटी रुपये देण्याचीही तरतूद आहे. ही रक्कम पथदिवे, शाळा व पाणीपुरवठा यांच्या सौरसंचांसाठी खर्ची पडली, तर ज्यांच्या घराला छप्पर योग्य नाही, अशांनाही लाभ पोहोचेल.

ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि अन्य कार्यकर्ते यांनी या कामी कोणत्याही एका पुरवठादाराची शिफारस करू नये. माहिती द्यावी, हिशेब शिकवावा, पाकिटे उघडताना हजर राहावे आणि निवड गावाला करू द्यावी. कार्यकर्त्याच्या शब्दावर गावकरी विसंबतात. म्हणूनच तो शब्द जपून वापरावा लागतो.

येत्या ग्रामसभेत हा विषय ठेवावयाचा असल्यास प्रत्येकाने येताना आपली बारा महिन्यांची बिले बरोबर आणावीत, असे दवंडीने किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशाने कळवावे. नोंदवहीचे पहिले पान त्याच दिवशी लिहून होईल आणि पुढचे काम तेथूनच सुरू होईल.